वादी, प्रतिवादी आणि सहाचा चहा

आमच्या चेंबरात दोनच गोष्टी साठल्या, कागद आणि किस्से. कागदांना वाळवी लागते. मी ते उन्हात टाकतो, काही वाचतात, काही जातात. किस्स्यांना काही म्हणजे काही होत नाही! उलट दर वर्षी दोन-चार वाढतात. घरी सांगायला लागलो की बायको म्हणते, "तुमच्यो गजाली ऱ्हवांदेत, आधी जेवान घेवा!" म्हणून म्हटलं इथे सांगावेत.

मी सावंत. राहायला करी रोड. गिरगावात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर वकिलांचं चेंबर आहे, तिथला मी क्लार्क. तीस वर्षं झाली. दारावर पितळी पाटी आहे, तिच्यावर 'बॅरिस्टर' एवढंच वाचता येतं. पुढचं नाव मीच घासून घासून घालवलं. ते बॅरिस्टर मी यायच्या आधीच गेले, पण त्यांचे दोन नियम अजून चालतात. पहिला, ज्याचं त्याचं टेबल. एकाने दुसऱ्याच्या विषयात तोंड घालायचं नाही. दुसरा, स्वतःची केस स्वतः लढवायची नाही. "आपल्या दाढेला आपण पक्कड लावतो का?" असं ते विचारायचे म्हणे.

टेबलं चार. खिडकीपाशी नाडकर्णी साहेब, वय चौऱ्याहत्तर, काम फक्त भाडेकरूंचं. त्यांच्या समोर दामले बाई, घटस्फोटवाल्या. कपाटाला टेकून तांडेल वकील, फौजदारी. आणि कोपऱ्यात गुप्ते साहेब, मृत्युपत्रं.

आता गंमत बघा. आयुष्यभर भाडेकरूंसाठी भांडलेल्या नाडकर्णी साहेबांवरच इमारतीच्या मालकांनी दावा ठोकला, खोली खाली करा म्हणून! भाडेपावती साहेबांच्या नावावर, त्यामुळे प्रतिवादी साहेब. दावा एकोणीस वर्षं चालला. हरलो तर चेंबर गेलं. दामले बाईंचं दादरला घर मोठं आहे, तांडेलांना कुठेही टेबल मिळेल, गुप्ते साहेबांची तर निम्मी कामं अशिलांच्या घरीच होतात. राहिलो साहेब आणि मी. साहेबांना या खोलीशिवाय दुसरं काही माहीत नाही, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कोण घेतंय?

तर हे डोक्यावर लटकत असताना आमचं कामकाज चालू होतं. आता ऐका.

*

गुप्ते साहेब बोलतात कमी, पण बोलले की माणूस गार. दामले बाईंच्या साठीला आम्ही चेंबरात केक कापला. कुणी म्हणालं शंभर वर्षं जगा, कुणी म्हणालं तब्येत सांभाळा. गुप्ते साहेबांनी केकचा तुकडा संपवला, हात पुसला आणि म्हणाले, "दोन साक्षीदार बघून ठेवा, बाई. स्वतःपेक्षा तरुण बघा!"

त्यांची एक पद्धत आहे. मृत्युपत्र लिहायला कुणाच्या घरी गेले की आधी सगळ्या नातेवाइकांना खोलीबाहेर काढतात. दार लावतात आणि विचारतात, "तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना?" मगच पेन उघडतात.

वडाळ्याला एक आजी होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. दोन मुलगे, दोन सुना, एक जावई, सगळे पलंगाभोवती उभे. साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, प्रश्न विचारला. आजी बराच वेळ बंद दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसा हो जरा. किती दिवसांनी शांत वाटतंय!"

मग त्या बोलत बसल्या. माहेर, शाळा, लहानपणी झाडावरून पडल्या ते. तास गेला. साहेबांनी विचारलं, "मग लिहायचं काय?" आजी म्हणाल्या, "आज नको, अजून ठरत नाही माझं. पुढच्या गुरुवारी या, आणि आल्यावर यांना असंच बाहेर काढा!"

साहेब सात गुरुवार जाऊन आले. मृत्युपत्र अजून कोरं आहे.

*

तांडेल वकील कोळीवाड्यातले. आवाज असा की कोर्टात माइक बंद पडला तरी यांचं अडत नाही. त्यांना एकच खोड, उलटतपासणी. कोर्ट सुटलं तरी ती सुटत नाही.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर मासळी बाजारात गेलो. तिथे त्यांची सख्खी आत्या बसते. तांडेलांनी एक पापलेट उचललं, कल्ले बघितले आणि सुरू! "आत्या, हे पापलेट तू सगळ्यात आधी कुठे पाहिलंस? किती वाजता? सोबत कोण होतं? बर्फ टाकला तो कुणासमोर टाकला?"

आत्याने कोयता खाली ठेवला. "तुझ्या बारशाला पाहिलं! घुगऱ्यांच्या बाजूलाच ठेवलं होतं. घेतोस काय उठतोस?"

तांडेल माझ्याकडे वळून म्हणाले, "साक्षीदार फुटत नाही, सावंत." आणि निमूट पिशवी पुढे केली.

*

दामले बाई सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारतात. जोडीने फिरणारी माणसं त्यांना लांबून पाहिलं की वाट बदलतात, असं त्या स्वतःच सांगतात.

त्यांच्याकडे परळचं एक जोडपं आलं. राजीखुशीने वेगळं व्हायचं, भांडण नाही. फ्रिज त्याला, वॉशिंग मशीन तिला, पुरणयंत्रसुद्धा वाटून झालं. गाडी अडली ती गणपतीवर! गणपती कुणी बसवायचा?

तो म्हणाला, "गणपती आमच्या घराण्याचा आहे, बाई. कोकणातून आणलेला."

ती म्हणाली, "अकरा वर्षं आरास माझी, मोदक माझे, नैवेद्य माझा. ह्यांच्या घराण्याने केलं काय? टाळ्या वाजवल्या!"

बाईंनी तोडगा काढला. गणपती बसेल त्याच्या घरी, पाच दिवस हिने जाऊन सगळं करायचं आणि विसर्जन झालं की निघून यायचं. दोघांना पटलं. मग दोघांचा एकत्र फोन आला, "बाई, तारीख गणपतीनंतरची घ्या." गणपती झाले, पुन्हा फोन, "दिवाळीनंतरची घ्या ना." असं करत तीन गणपती झाले!

शेवटी बाई वैतागल्या. "तुम्हाला घटस्फोट हवाय ना नक्की?"

दोघं एकदमच म्हणाले, "हवाय की! पण घाई काय आहे?"

*

आता नाडकर्णी साहेब. यांचा साक्षीदाराला एकच मंत्र. "पिंजऱ्यात उभं राहिलात की हो किंवा नाही. तिसरा शब्द तोंडातून गेला की घर गेलं!"

ठाकूरद्वारच्या एका चाळीतले रिटायर मास्तर आमचे अशील होते. खोलीचाच दावा. साहेबांनी त्यांच्याकडून आठ दिवस तालीम करून घेतली. मास्तर पिंजऱ्यात आले. जज्जसाहेब भले माणूस, त्यांचं वय बघून म्हणाले, "आजोबा, खुर्ची देऊ, की उभे राहताय?"

मास्तर म्हणाले, "हो."

"हो म्हणजे खुर्ची हवी?"

मास्तरांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान खाली घातली. मास्तर म्हणाले, "नाही."

दोन तास उलटतपासणी झाली आणि मास्तर दोन तास उभे! पण केस जिंकली हो. साहेब तो किस्सा प्रत्येक नव्या साक्षीदाराला सांगायचे, पाय दुखले तर दुखू देत, घर राहिलं!

*

आमच्या मालकांविषयी सांगायला हवं. कोठारे त्यांचं नाव, वय एक्क्याऐंशी, राहतात याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, एकटेच. बायको गेली, मुलगा कॅनडात. बॅरिस्टरांच्या वेळेपासून त्यांचा एक रिवाज आहे. संध्याकाळी सहाला खाली यायचं, येताना खारी आणायची आणि आमच्याकडे चहा घ्यायचा.

ज्या दिवशी दाव्याचं समन्स आलं, तो दिवस मला लख्ख आठवतो. पावणेसहाला बेलिफ आला, साहेबांनी सही करून समन्स घेतलं. सहाच्या ठोक्याला कोठारे खारीची पुडी घेऊन आत आले.

"मिळालं का, नाडकर्णी?"

"मिळालं, मालक."

"वाचा सावकाश. सावंत, साखर कमी टाका हो."

एकोणीस वर्षांत तारखा झाल्या त्यांची गणती नाही. दोघं कोर्टात एकाच टॅक्सीने जायचे. तारीख पडली की त्याच टॅक्सीने परत. एकदा कोठारे फाइल घरीच विसरले तर साहेबांनी त्यांना आपली फाइल वाचायला दिली. वर सांगितलं, "तुमच्या वकिलाने पान चारवर तारीख चुकवलीय, दुरुस्त करून घ्या."

खोली कशाला हवी, याचं कारणही बदलत गेलं. आधी मुलाला दवाखाना काढायचा होता. मुलगा कॅनडात गेला. मग पुतण्याला क्लास काढायचा होता. पुतण्याने पनवेलला काढला. शेवटी कोठाऱ्यांचे गुडघे गेले आणि अर्ज आला, वादीला तिसरा मजला चढवत नाही, तळमजल्याची खोली त्याला स्वतःला राहायला हवी.

हे मात्र खरं होतं. एकोणसाठ पायऱ्या, लिफ्ट नाही. आणि रोज चहा झाला की त्यांना हात धरून वर कोण सोडायचं? नाडकर्णी साहेब!

*

अखेर दावा सुनावणीला लागला. आम्ही बैठक घेतली. साहेबांची स्वतःची केस, म्हणजे नियमाप्रमाणे साहेब लढवणार नाहीत. मग चालवणार कोण? तांडेल! भाड्याच्या केसला फौजदारी वकील, म्हणजे दुसरा नियम पाळायला पहिला मोडला!

तांडेल बाह्या सारून म्हणाले, "मालकांना असा घोळात घेतो की गुडघ्यांची तक्रारच मागे घेतील!"

दामले बाई म्हणाल्या, "दोघांना समोरासमोर बसवा की. मुलंबाळं मध्ये नाहीत, मग अवघड काय आहे?"

गुप्ते साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "कोठाऱ्यांनी मृत्युपत्र केलंय का?"

नाडकर्णी साहेब उसळले. "गुप्ते, माणूस वर जिवंत आहे हो!"

"म्हणूनच विचारतोय," गुप्ते म्हणाले. "नंतर विचारून उपयोग नसतो."

*

साहेबांच्या साक्षीच्या दिवशी मी सिद्धिविनायकाला नारळ बोललो होतो. खोटं कशाला सांगू, माझी भाकरी त्या पिंजऱ्यात उभी होती. पण साहेबांची काळजी नव्हती. हो किंवा नाही, हा मंत्र ज्याने शिकवला तो माणूस चुकतोय कशाला?

मालकांचा वकील उठला. "वादी तिसऱ्या मजल्यावर राहतात?"

"हो."

"इमारतीत लिफ्ट आहे?"

"नाही."

बघा, कसं धारदार! तांडेलांनी मला डोळा मारला.

"वादींना या वयात तीन जिने चढणं त्रासाचं होतं, हे तुम्हाला मान्य आहे?"

आता 'नाही' म्हणायचं. बस, तीन जिने कुणाला झेपतात, कुणाला नाही, ते सिद्ध करणं त्यांचं काम. साहेबांनी समोर बघितलं. पहिल्याच बाकावर कोठारे बसले होते, डावा गुडघा चोळत.

"त्रासाचं?" साहेब म्हणाले. "अहो, डावा गुडघा पार गेलाय त्यांचा! रोज मीच हात धरून वर सोडतो. दुसऱ्या मजल्यावर पाच मिनिटं बसवावं लागतं. परवा तर कठड्याला धरून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, मी स्वतः पाहिलंय..."

तांडेलांनी कपाळ धरलं. जज्जसाहेबांचं लिहिणं थांबलं. आणि बाकावरून कोठारे ओरडले, "नाडकर्णी, गप्प बसा हो!"

"वादींनी शांत राहावं," जज्जसाहेब म्हणाले.

परतीच्या टॅक्सीत मी पुढे बसलो होतो, मागे हे दोघे. चर्नी रोडला सिग्नल लागला. मग कोठारे म्हणाले, "एक 'नाही' म्हणता येत नाही तुम्हाला? जन्मभर लोकांना काय शिकवलंत?"

*

निकाल लागला. आम्ही हरलो. निकालात पहिलंच कारण लिहिलं होतं ते प्रतिवादीच्या स्वतःच्या साक्षीचं! नव्वद दिवसांत खोली खाली करायची. अपील करायचं तर तीस दिवसांत.

अपिलाला निकालाची सहीशिक्क्याची नक्कल जोडावी लागते. तिच्यासाठी कोर्टात अर्ज टाकायचा, हे काम माझं. मी अर्ज लिहून साहेबांपुढे सहीला ठेवला. साहेबांनी तो परत माझ्याकडे सरकवला.

"नको, सावंत."

"साहेब, अहो, तीस दिवस जातील बघता बघता!"

"जाऊ देत. मी खरं सांगितलं, कोर्टाने ते खरं धरलं. आता अपिलात काय सांगू, मालकांचे गुडघे बरे झाले?"

तांडेलांनी अपिलाचा मसुदा टाइप करून ठेवला. दामले बाईंनी समजावलं. साहेब ऐकेनात. त्यांच्या सहीशिवाय मी तरी काय करणार? गुप्ते साहेबांनी पुस्तकं वर्तमानपत्रात बांधायला घेतली. एका संध्याकाळी मी मोरीत तोंड धुवायच्या निमित्ताने जाऊन रडून आलो.

आणि कोठारे खाली यायचे बंद झाले. निकालाच्या दिवसापासून सहा वाजायचे, मी सवयीने त्यांचाही कप भरायचो, तो तसाच निवायचा. साहेब त्या कपाकडे बघायचे. मी एकदा म्हटलं, "जिंकले ना, आता कशाला येतील!" त्यावर साहेब असे चिडले माझ्यावर! तीस वर्षांत पहिल्यांदा.

चोविसाव्या दिवशी संध्याकाळी जिन्यावर काठी वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी पायरी. आम्ही सगळे तसेच बसून ऐकत होतो. तांडेल उठायला लागले तर साहेबांनी हातानेच बस म्हणून सांगितलं, आणि स्वतः दारापर्यंत जाऊन उभे राहिले.

कोठारे आत आले. घामाने भिजलेले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात खारीची पुडी आणि बगलेत एक पिवळं पाकीट. त्यांच्या खुर्चीवर बसले. मी चहा दिला. खारी बुडवून खाल्ली, कप संपवला. तोंड पुसलं आणि पाकीट साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

साहेबांनी चष्मा लावून ते उघडलं. आत निकालाची नक्कल होती. कोर्टाचा गोल शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. मी वाकून शेवटचं पान पाहिलं. नक्कल मागणाऱ्याचं नाव असतं तिथे लिहिलं होतं, कोठारे, वादी.

"सहा दिवस राहिलेत, नाडकर्णी," कोठारे म्हणाले. "अपील करा."

"मालक, तुम्ही जिंकलाय!"

"माहितीय मला." कोठाऱ्यांनी काठी टेकली आणि दुसरा हात साहेबांपुढे धरला. "चला, वर सोडा."